जंगलात सोनं सापडलं म्हणजे नेमकं काय? सोनं-तांब्याच्या प्रॉस्पेक्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरची, शिक्षणाने आणि पोटापाण्याने जिऑलॉजिस्ट. बरीच वर्षं भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली साइडच्या ड्रिलिंग कॅम्पवर कोअर लॉगिंग केलंय, म्हणजे मशीनने जमिनीतून काढलेला दगड मीटर-मीटरने बघायचा आणि लिहून ठेवायचा. पेपरात "सोन्याचे साठे" अशी बातमी आली की माझा फोन वाजायला लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये इथेच नागपूरला मिनकॉन या खाणकामावरच्या परिषदेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मिंझरी आणि बामणी ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे शोधासाठी आखलेला जमिनीचा तुकडा) सोनं असल्याचं सांगितलं, त्यानंतर तर लोक सोसायटीच्या लिफ्टमध्ये थांबवून विचारत होते. ते प्रश्न आणि गावोगाव ऐकलेले बाकीचे, सगळे इथे एकत्र टाकतेय. उत्तरं काही लांब झालीत, पण दोन ओळीत सांगितलं की गैरसमज होतात हे मी पाहिलंय.

ताई, प्रॉस्पेक्ट म्हणजे खाणच ना?

नाही. आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा.

प्रॉस्पेक्ट म्हणजे अशी जागा जिथे दगडात काहीतरी खूण दिसली आहे आणि पुढे शोधायला हरकत नाही. बस. खूण म्हणजे ओढ्याच्या रेतीत सोन्याचे चार कण असतील, नाहीतर एखाद्या टेकडीवर हिरवट डाग पडलेला दगड असेल. तिथून खाणीपर्यंत जायला मधे खूप पायऱ्या आहेत. आपल्याकडे त्याला जी-४, जी-३, जी-२, जी-१ अशी नावं आहेत, जी-४ म्हणजे नुसती पाहणी आणि जी-१ म्हणजे इतक्या जवळ-जवळ ड्रिल करून झालं की खाली किती माल आहे ते बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. बहुतेक प्रॉस्पेक्ट जी-४ ला नाहीतर जी-३ ला संपतात. संपतात म्हणजे कोणी दडपलं वगैरे नाही, शीर, म्हणजे दगडातल्या भेगेत भरलेली खनिजाची पट्टी, पुढे बारीक होत गेली किंवा सोनं होतं पण परवडण्याएवढं नव्हतं.

बातमीत "सापडलं" हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. त्यामुळे बातमी वाचताना कोणत्या पायरीवरचं सापडलं ते शोधा.

सोनं आणि तांबं एकाच जागी काहून सापडतं?

कारण दोघांनाही आणणारं वाहन एकच आहे, गरम पाणी.

साध्या दगडात सोनं जवळपास नसतंच म्हणा, एका टनात काही मिलिग्रॅम. तांबं जरा जास्त, टनाला पंचवीस ते साठ ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर कोणी खाण काढत नाही. खाणीसाठी निसर्गाने ते आधी गोळा करून ठेवलेलं पाहिजे, सोनं पाचशे-हजार पट, तांबं दीडशे ते चारशे पट. हे गोळा करायचं काम जमिनीत काही किलोमीटर खोल फिरणारं गरम खारट पाणी करतं. खोल असल्यामुळे दाब प्रचंड, म्हणून तीनशे-चारशे डिग्रीलासुद्धा त्याची साधी वाफ होऊन जात नाही, आणि त्यात क्लोरीन आणि गंधक असतं त्याच्यामुळे तांबं आणि सोनं त्यात विरघळून चालायला लागतात.

आता साखरेचा पाक आठवा. गरम असताना भरपूर साखर मावते, थंड झाला की कडेला खडे धरतात. इथे तसंच होतं. पाणी भेगेतून वर येतं, थंड होतं, दाब कमी होतो, आणि जे मावत नाही ते भेगेच्या भिंतीवर बसतं. गारगोटी बसते, तांब्याचं खनिज म्हणजे चॅल्कोपायराइट बसतं, सोनं बसतं. सोन्याची अजून एक गंमत आहे, ते बऱ्याचदा गंधकाचा हात धरून येतं, आणि वाटेत लोखंडवाला दगड लागला की लोखंड ते गंधक ओढून घेतं, त्याचा पायराइट होतो, आणि सोन्याचा हात सुटतो, ते तिथेच पडतं. म्हणून आम्ही लोखंडाच्या पट्ट्याच्या दगडाला भेग कुठे छेदते ते आधी बघतो.

ही भेग एकदा उघडून काम होत नाही बरं का. भूकंप होतो, भेग उघडते, पाणी घुसतं, गारगोटीने भेग बुजते, परत दाब साठतो, परत उघडते. असं शेकडो वेळा. चांगली शीर कापून पाहिली तर खारी बिस्किटासारखे पातळ-पातळ थर दिसतात, प्रत्येक थर म्हणजे एकदा उघडून बुजलेली भेग. मला विचाराल तर सोन्याच्या कणापेक्षा ते थर बघायला मला जास्त आवडतं.

दुसरा प्रकार पॉर्फिरी. त्यात एक मोठी शीर नसते, खाली मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या दगडाचा, गोळा थंड होताना त्यातून निघालेल्या पाण्याने वरचा अख्खा दगड बारीक भेगांनी फोडलेला असतो आणि प्रत्येक भेगेत थोडं-थोडं तांबं, थोडं सोनं. ग्रेड, म्हणजे टनामागे धातूचं प्रमाण, कमी पण आकार डोंगराएवढा. जगातलं बरंच तांबं अशाच साठ्यांतून येतं.

विदर्भात खरंच आहे का काही?

आहे. पण कुठे ते समजायला आधी आपल्या पायाखालचं बघू.

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. नागपूरच्या पश्चिमेला काटोल, कळमेश्वरकडे गेलात की हाच दगड आणि त्याचीच काळी माती. यात सोन्याचा शोध घेण्यात अर्थ नाही. पूर्वेला निघालात की चित्र बदलतं. कामठीला वाळूचा दगड, उमरेडला कोळसा, आणि कुही, भिवापूर, भंडारा साइडला लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने, दाबले-वाकवलेले दगड वर येतात. मिरचीसाठी भिवापूरला जाणाऱ्या रस्त्यावर कटिंगमध्ये कागदासारखे पापुद्रे सुटणारा चकचकीत दगड दिसतो ना, तो तसला.

या जुन्या दगडाच्या पट्ट्याला साकोली पट्टा म्हणतात. नकाशावर त्रिकोणासारखा दिसतो. यात कुही-खोबना-आगरगावला टंगस्टन आहे, कोलारी-भावरीला जस्त, पुलार-परसोडीला तांबं, आणि परसोडी, कितारी, मरुपार ही नावं सोन्याच्या शोधात येतात. जिऑलॉजिकल सर्व्हे म्हणजे जीएसआयने इथे दशकानुदशकं काम केलंय. एकाच पट्ट्यात एवढे धातू म्हणजे इथे गरम पाणी भरपूर फिरलं हे नक्की. मात्र प्रत्येक ठिकाणी परवडेल एवढं जमलं का, हा वेगळा प्रश्न.

अजून दक्षिणेला चंद्रपूरमध्ये गेलात की बस्तर क्रेटॉनचा पश्चिम भाग लागतो, क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिशय जुना, घट्ट झालेला तुकडा. तिथे पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना आहे. तिथलं तांबं ग्रॅनाइटमधल्या वायव्य-आग्नेय जाणाऱ्या शिअर झोनमध्ये आहे. शिअर झोन म्हणजे जिथे दगड एकमेकांवर घासून चिरडला गेलाय असा पट्टा, आणि पाण्याला वर यायला याच्याहून सोपी वाट नाही. तिथे गारगोटी आणि हिरव्या क्लोराइटच्या शिरांमध्ये चॅल्कोपायराइट मिळतं, सोबत बॅराइट हे खनिजपण आहे. काही अभ्यासक त्याला लोखंड-तांबं-सोनं या कुटुंबातला साठा मानतात, ज्याला आयओसीजी म्हणतात.

मग मलाजखंडचं काय, ते तर जवळच आहे?

हो, बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात, आणि देशातला तांब्याचा सगळ्यात मोठा साठा तो. खुली खाण १९८२ मध्ये सुरू झाली, आता काम जमिनीखाली जातंय. तिथे ग्रॅनाइटमध्ये गारगोटीची एक प्रचंड कमानीसारखी वाकलेली भिंत आहे आणि तांबं मुख्यतः त्यात आणि तिच्या आजूबाजूला. सोनं थोडं, तांब्यासोबत येणारं.

मलाजखंडवरून आमच्यात जुना वाद आहे. तिथल्या मॉलिब्डेनाइट या खनिजाचं वय काढलं तेव्हा साधारण २४९ कोटी वर्षं आलं. काही जण म्हणतात ही पॉर्फिरीच आहे, जगातल्या जुन्यात जुन्यांपैकी एक. काही म्हणतात एवढी मोठी गारगोटीची भिंत पॉर्फिरीत कुठे असते, हे वेगळंच आहे. जुन्या पॉर्फिरी मिळतच नाहीत सहसा, कारण त्या जमिनीत एक ते पाच किलोमीटर खोल बनतात आणि डोंगर झिजला की त्यापण झिजून जातात. म्हणून एखादी टिकली असेल तर ती कशी टिकली, हा प्रश्न मला वादापेक्षा मोठा वाटतो. मी स्वतः पॉर्फिरीच्या बाजूने आहे, पण आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून एकमत नाही.

या जागा नेहमी एवढ्या दूर, जंगलात नाहीतर वाळवंटातच काहून असतात?

दगडाला रस्ता कुठे आहे ते माहीत नसतं. जवळचं, उघड्यावरचं जे होतं ते आधीच सापडून गेलं, म्हणून उरलेलं दूर वाटतं.

रेको दिक घ्या, बलुचिस्तानच्या चगाई भागात, इराण-अफगाणिस्तानच्या सीमेजवळ, पाणी नाही काही नाही, आणि खाली जगातल्या मोठ्या तांबं-सोन्याच्या पॉर्फिरींपैकी एक. ओयू तोलगोई मंगोलियात, गोबी वाळवंटाच्या दक्षिण भागात. ग्रासबर्ग तर इंडोनेशियातल्या पापुआमध्ये चार हजार मीटरच्या वर ढगात. तिथली गोष्ट मी ट्रेनी पोरांना नेहमी सांगते. १९३६ मध्ये डोझी नावाचा डच भूवैज्ञानिक गिर्यारोहणाच्या मोहिमेवर गेला होता, त्याला एर्ट्सबर्ग हा धातूचा काळा सुळका दिसला. खाण सुरू व्हायला १९७० चं दशक उजाडलं. आणि शेजारीच, काही किलोमीटरवर, त्याहून कितीतरी मोठा ग्रासबर्ग पडून होता, तो १९८८ मध्ये समजला. बावन्न वर्षं!

आपल्याकडे दूर म्हणजे गडचिरोलीचं जंगल. अंतर फार नाही, पण जून ते ऑक्टोबर ओढे भरलेले, रिग म्हणजे ड्रिलिंगचं मशीन नेता येत नाही. मेमध्ये ४५ डिग्रीत दुपारी हातोडा धरवत नाही. कामाचे खरे महिने नोव्हेंबर ते मार्च. त्यात वनखात्याची परवानगी उशिरा आली की सीझन गेला.

जंगलात गेल्यावर तुम्ही नेमकं बघता काय?

सोनं नाही बघत. सोनं डोळ्याला दिसणं फार क्वचित, मी एवढ्या वर्षांत कोअरमध्ये उघड्या डोळ्याने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या वेळा पाहिलंय.

सुरुवात ओढ्यांपासून होते. ओढा म्हणजे वरच्या सगळ्या टेकड्यांचा हिशोब, पाऊस थोडं-थोडं खरवडून खाली आणतो. रेती आणि गाळ घ्यायचा, लॅबला पाठवायचा, ज्या ओढ्यात तांबं-आर्सेनिक जास्त त्याच्या वर चढायचं. जीएसआयचं देशभराचं जिओकेमिकल मॅपिंग असंच चौकोन आखून होतं, दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा चौकोन.

मग दगड. गंजका, भोकंभोकंवाला, जळलेल्या चहाच्या रंगाचा दगड दिसला की थांबायचं, याला गॉसन म्हणतात. खाली पायराइट होता, पावसाने त्याचं गंधक धुऊन नेलं आणि लोखंड गंजून राहिलं. पण इकडे मुरूमपण तसाच लालच असतो, आणि नवीन पोरं प्रत्येक मुरमाला गॉसन म्हणतात. फरक भोकांत आहे. गॉसनमध्ये कधी-कधी चौकोनी भोकं मिळतात, पायराइटचा चौकोनी खडा निघून गेल्यावर राहिलेला साचा तो. मुरमाची भोकं गोल, वेडीवाकडी.

हिरवा डाग म्हणजे मॅलाकाइट, निळा असेल तर अ‍ॅझुराइट, दोन्ही तांब्याचे. संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावता त्यातला मोरचूद आठवा, तांबं पाण्या-हवेत आलं की असंच हिरवं-निळं होतं. पण हिरवा डाग पसरट असतो आणि फसवतो, थोडंसं तांबंसुद्धा अख्खा खडक रंगवून टाकतं. शिवाय वरचं तांबं पावसाच्या आम्लाने विरघळून खाली पाण्याच्या पातळीला जाऊन बसलेलं असू शकतं. म्हणजे वर भरपूर हिरवं आणि खाली काहीच नाही असं होतं, आणि वर फक्त गंज आणि खाली जाड काळा चॅल्कोसाइट, म्हणजे तांब्याचंच खनिज, असंही होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे शिरेच्या शेजारचा दगड. गरम पाण्याने तो शिजलेला असतो. ग्रॅनाइट गुलाबी झालाय का, हिरवट क्लोराइट आलंय का, बोटाला रेशमासारखा लागणारा बारीक अभ्रक, म्हणजे सेरिसाइट, आहे का. शीर हातभर रुंद असते पण शिजलेला दगड दोन्हीकडे पन्नास मीटर पसरलेला असू शकतो, म्हणून शोधायला तो सोपा.

माझ्या शेतात चमकणारा पिवळा दगड सापडलाय, सोनं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी कधीच हसत नाही, कारण विचारणारा मनापासून विचारतो. घरीच बघा.

सुई घ्या आणि पिवळ्या कणाला दाबा. सोनं मऊ असतं, दबतं, खाच पडते. पायराइट तुटतं, भुगा होतो. चॅल्कोपायराइटपण सुईने खरवडलं की भुगा. अभ्रक असेल तर पापुद्रा निघतो आणि वाऱ्याने उडतो, सोनं उडत नाही, पाण्याच्या एकोणीस पट जड आहे ते. मग दगड टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. सोन्याची रेघ सोनेरीच येते. पायराइट आणि चॅल्कोपायराइटची रेघ काळपट हिरवी येते. आणि सोनं सावलीतपण पिवळंच दिसतं, पायराइट एका कोनात चमकतो आणि फिरवला की विझतो.

आम्ही अजून एक करतो, हातोड्याने फोडून वास घेतो. लसणासारखा वास आला तर आर्सेनोपायराइट. सोन्याच्या शिरांमध्ये तो बऱ्याचदा सोबतीला असतो, म्हणून तो वास आला की सगळे जमा होतात. पण त्यात आर्सेनिक आहे, घरी करू नका, आणि मुलांच्या हातात तर अजिबात नको.

ड्रिलिंग करून काय कळतं, एवढा खर्च काहून?

वरून नकाशा कितीही छान काढा, शीर खाली कुठे वळते ते ड्रिल केल्याशिवाय कळत नाही. हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट फिरत खाली जातो आणि मधला दगड दांड्यासारखा नळीत येतो, तो कोअर. एचक्यू साइज म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर जाड, एनक्यू साडेसत्तेचाळीस.

पहाटे कॅम्पवर रात्रपाळीचा कोअर आलेला असतो. बॉक्समध्ये ओळीने मांडलेला, प्रत्येक रनच्या, म्हणजे एका खेपेत निघालेल्या कोअरच्या, शेवटी खोलीचा आकडा लिहिलेली लाकडी चिप. मी आधी बादली आणि ब्रश घेऊन धुते, कारण ओला दगड बोलतो, सुका गप्प असतो. करडा ग्रॅनाइट, करडा ग्रॅनाइट, मग हळूहळू हिरवट व्हायला लागतो, भेगा वाढतात, कोअरचे तुकडे लहान होतात, दहा सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे किती ते मोजायचं. आणि मग एका तुकड्यात दुधी गारगोटी, तिच्यात पितळेसारखे चॅल्कोपायराइटचे ठिपके, दहा पट भिंगाखाली त्यांच्या कडेला मोरपिशी रंग. रिगवाला भाऊ मागे उभा राहून विचारतो, "मॅडम, लागलं का?" मी म्हणते लॅब सांगेल. त्याला राग येतो, पण तेच खरं आहे.

नंतर कोअर लांबीत मधोमध कापायचा, अर्धा लॅबला, अर्धा बॉक्समध्ये जपून. एका कॅम्पवर, नाव नको, बॉक्सवरचे नंबर साध्या मार्करने लिहिले होते आणि शेड गळत होती. एका पावसात नंबर गेले. चाळीसेक मीटर कोअर कोणत्या खोलीचा ते कोणीच सांगू शकलं नाही, आणि त्यातच शीर होती. तो कोअर काढायला माणसं थंडीत रात्र-रात्र उभी होती. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी पत्र्याच्या पट्टीवर नंबर ठोकून घेतल्याशिवाय बॉक्स हलवू देत नाही.

"टनाला दोन ग्रॅम" म्हणजे चांगलं की वाईट?

छतावरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या डोळ्यासमोर आणा आणि त्या पाण्याऐवजी दगडाने गच्च भरा. वजन साधारण साडेपाच टन. टनाला दोन ग्रॅमने त्यात एक तोळ्याच्या आसपास सोनं, आणि तेही धूळ होऊन पसरलेलं, सगळा दगड पिठासारखा दळल्याशिवाय हाती न येणारं, दळल्यावरही थोडं वाया जाणारं.

हे चांगलं की वाईट ते जागेवर आहे. उघड्यावर, जाड पट्टा, रस्त्याशेजारी असेल तर दोन ग्रॅम परवडू शकतं. चारशे मीटर खोल हातभर रुंदीची शीर असेल तर दहा ग्रॅमपण अवघड. तांब्याचं टक्क्यात बोलतात, एक टक्का म्हणजे टनाला दहा किलो. कोलारची खाण सोनं संपलं म्हणून बंद नाही झाली, ती तीन किलोमीटरहून खोल गेली होती आणि ग्रेड घसरत-घसरत काढायचा खर्च सोन्यापेक्षा जास्त झाला, शेवटी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद.

म्हणून कोणी नुसता ग्रेड सांगितला तर तीन गोष्टी विचारा: किती रुंदीत, किती खोलीवर, आणि शेजारच्या ड्रिल होलमध्ये तीच शीर मिळाली का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सोनं कणाकणाने असतं, एक कण नमुन्यात आला तर आकडा आभाळाला, नाही आला तर शून्य. एका होलवर कधीच विश्वास ठेवायचा नाही.

रिपोर्ट खोटा असू शकतो का?

असू शकतो. जगातलं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण ब्रे-एक्स, कॅनडाची कंपनी, इंडोनेशियातल्या बुसांगचा प्रॉस्पेक्ट. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत खरं बाहेर आलं आणि शेअर कचऱ्याच्या भावात गेले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्यांनी कोअर अर्धा जपून ठेवला नव्हता, पूर्ण दळून टाकत होते. म्हणजे परत तपासायला काही शिल्लकच नाही. अर्धा कोअर जपायचा तो याचसाठी. शिवाय आम्ही प्रत्येक बॅचमध्ये ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना आणि ज्यात काहीच नाही असा नमुना लॅबला न सांगता घालतो.

नदीच्या रेतीतून सोनं काढणारे लोक खरे होते का?

होते. सोनझरी समाज. बालाघाट, भंडारा भागात नद्यांच्या रेतीतून लाकडी पाटीत धुऊन सोनं वेगळं करायचा त्यांचा पिढीजात धंदा, आणि शहरात सराफाच्या दुकानासमोरची धूळ, नालीचा गाळ धुऊन त्यातलं सोनं काढायचं कामही. नागपुरात सोनझरी नगर आहे ते नाव सगळ्यांना माहीत असतं पण त्यामागचं कौशल्य थोड्यांना. पाटी हलवून हलकी रेती बाहेर आणि काळी जड रेती तळाला ठेवायची जी नजर लागते, तीच आम्ही कॉलेजात पॅनिंग म्हणून शिकतो आणि तेवढी नीट जमत नाही.

त्या भागात आत्ताच जमीन घेऊन ठेवू का?

नका घेऊ. अगदी कळकळीने सांगते. इतवारीतल्या एका ओळखीच्या कुटुंबाने अशाच बातमीवर बचत घातली होती, आणि ज्या गावात घेतली तिथे सोन्याचा शोध कधी झालाच नव्हता, नाव सारखं होतं फक्त.

आणि जमीन तुमची असली तरी सोनं-तांबं तुम्ही खणू शकत नाही. १९५७ च्या एमएमडीआर या खाण-खनिज कायद्याखाली परवाना लागतो, २०१५ नंतर ब्लॉक लिलावाने जातात, २०२३ च्या दुरुस्तीने सोनं, तांबं धरून २९ खनिजांसाठी वेगळं शोध लायसन्स आलं. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात पेसा हा ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा आहे, जंगलात वनहक्क कायदा आहे, ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. कोणी "आपला माणूस आहे, लीज करून देतो" म्हणत असेल तर तिथून निघा. नकाशे बघायचे तर जीएसआयच्या भूकोश पोर्टलवर फुकट दिसतात, डिसेंबर २०२३ पासून एनजीडीआर हे भूवैज्ञानिक माहितीचं पोर्टल पण आहे.

खाण झाली तर आमच्या पाण्याचं काय?

गावातल्या बाया हा प्रश्न विचारतात, पुरुष नोकरीचा विचारतात. दोन्ही बरोबर आहेत.

पायराइटला पाणी आणि हवा लागली की गंधकाचं आम्ल होतं. तेच आम्ल जे लाखो वर्षं हळूहळू गॉसन बनवतं, खाणीत दगड फोडून उघडा टाकला की ते काही महिन्यांत सुरू होतं, कारण पृष्ठभाग हजारो पट वाढलेला असतो. आम्ल पाण्यात तांबं, आर्सेनिक विरघळून ओढ्यात येतं. शेजारी चुनखडक असेल तर आम्ल मरतं, नुसता ग्रॅनाइट असेल तर तेवढं मरत नाही. हे सगळं ड्रिलिंगच्या वेळीच कोअर तपासून आधी सांगता येतं. म्हणून ग्रामसभेत विचारायचं असेल तर हे विचारा: कोअरची आम्ल-चाचणी केली का, आर्सेनिक किती आलं, आणि आत्ता, खाण व्हायच्या आधी, आमच्या विहिरींचं पाणी तपासून कागदावर ठेवलं का. तो आधीचा कागद नसेल तर नंतर काही सिद्ध करता येत नाही.

मुलीला जिऑलॉजी घेऊ द्यावी का?

द्या ना! नागपूरसारखं शहर नाही यासाठी. जीएसआयचं मध्य क्षेत्राचं मुख्यालय इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स इथे, खनिजांचा शोध घेणारी एमईसीएल, मँगनीजची मॉइल, कोळशाची डब्ल्यूसीएल सगळे इथे, विद्यापीठात पीजी आहे. एमएससी करून यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते. चालायची सवय हवी आणि न कंटाळता लिहायची सवय हवी. कॅम्पवर मुलींसाठी वेगळं बाथरूम असतं का, हे मात्र जॉइन व्हायच्या आधी फोन करून विचारायचं, लाजायचं नाही, मी पहिल्या सीझनला नाही विचारलं आणि खूप हाल झाले.

तुम्हाला दगड दाखवायचा असेल तर?

दाखवा, पण आधी जागा लिहून आणा. मोबाइलवर लोकेशन घ्या, दगड खडकातून निघाला की ओढ्यात सुटा पडलेला होता ते लिहा, फोटोत शेजारी पेन नाहीतर दहाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. एक बाजू ताजी फोडलेली हवी, बाहेरची गंजलेली बाजू काही सांगत नाही. धुवा, पण आम्ल वगैरे लावू नका. राखीव जंगलातून उचलून आणू नका, तिथला फक्त फोटो चालेल. प्रत्येक दगड वेगळ्या पिशवीत आणि नंबर पिशवीच्या आत चिठ्ठीवर, पेन्सिलने, शाई पुसली जाते.